मधमाश्यांसाठी पाटी

पेंटरकाका खोटं क्वचितच बोलायचे, आणि बोललेच तर इतकं वाईट बोलायचे की ऐकणाऱ्यालाच त्यांची दया यावी. तरीसुद्धा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी बायकोला एक थाप मारली. थाप भोपळ्याची होती. आता थाप मारायचीच तर माणसानं जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूची मारावी. भोपळा रोज वाढतो, हे काकांच्या फार उशिरा लक्षात आलं.

आधी काकांची ओळख करून देतो. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. सलून, दवाखाना, चपलांचं दुकान, शिलाई मशीनची दुरुस्ती, 'गेटसमोर गाडी लावू नये', काय म्हणाल ते. शहराच्या या भागात असा रस्ता नव्हता की ज्याच्यावर काकांचं अक्षर नाही. लाल रंगावर त्यांचा फार जीव. "लाल म्हणजे लाल," ते म्हणायचे. "लालपुढे माणूस थांबलाच पाहिजे. आंधळा नसेल तर." आणि खरंच, काकांनी पाटी लावली की दुकानात गिऱ्हाईक वाढायचं. निदान दुकानदार तसं म्हणायचे, आणि काका ते चेहरा शक्य तितका साधा ठेवून ऐकायचे.

मग छापील पाट्या आल्या. सकाळी फोटो द्या, दुपारी पाटी घेऊन जा. काकांनी काही दिवस नाकं मुरडली, काही दिवस वाट पाहिली, आणि मग एके दिवशी दुकानाला कुलूप लावून ब्रशांचा डबा घरी आणला आणि पलंगाखाली सरकवला. त्याला दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत डबा पलंगाखालून निघाला नाही आणि काका खुर्चीतून. आठला उठायचं, चहा घ्यायचा, पेपर घ्यायचा, आणि बातम्या सोडून मथळ्यांची अक्षरं वाचत बसायचं. "हा 'क्ष' बघ. हा काय 'क्ष' आहे? याला कुणी मारलंय की काय?" काकू स्वयंपाकघरातून "हो ना" म्हणायच्या. दुसरं काय म्हणणार?

काकूंचं सगळं राज्य गच्चीवर होतं. फुटलेली प्लास्टिकची पाण्याची टाकी कुणीतरी फेकायला काढली, तेव्हा काकूंनी ती अर्धी कापून घेतली, माती भरली आणि त्यात भोपळ्याचा वेल लावला. दरवर्षी लावायच्या. दरवर्षी तीन-चार भोपळे यायचे आणि काकू ते शेजारीपाजारी असे वाटायच्या की जणू घरात नातवंड झालंय. काका वर कधी फिरकले नाहीत. भोपळा खाली आला की "वा" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम.

या वर्षी वेलाला कळ्या आल्या आणि काकू ओल्या जिन्यात घसरल्या. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की पाय टेकवायचा नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, गच्ची चौथ्याच्या वर. मध्ये अठ्ठेचाळीस पायऱ्या.

"अहो, वेलाचं आता तुम्हाला बघावं लागेल," काकू पलंगावरून म्हणाल्या. "पाणी घाला, आणि भोपळा धरतोय का बघा. फुलाच्या खाली गोटीएवढी गाठ दिसेल. ती फुगायला लागली की धरला."

"त्यात काय एवढं?" काका म्हणाले.

काका रोज वर जायला लागले. रोज म्हणजे चहा, पेपर, मथळे, आंघोळ सगळं आटोपून, अकराच्या सुमाराला. वर गेलं की वेलावर फुलं असायची खरी, पण सगळी मिटलेली, पिळून ठेवलेल्या रुमालासारखी. एखाद्या फुलाखाली गोटी दिसायची. दोन दिवसांनी ती पिवळी पडायची, चौथ्या दिवशी गळायची. खाली आले की काकू विचारायच्या, "धरला का एखादा?" काका नाही म्हणून मान हलवायचे. एक दिवस झाला, दोन झाले, आठ झाले.

नवव्या दिवशी काका खाली आले तेव्हा काकू रडत होत्या. मोठ्यानं नाही, आपल्या आपण, तोंड फिरवून. सकाळपासून खिडकीशी जायचं होतं आणि काठी हाताला येत नव्हती, एवढंच कारण. पण इतक्या वर्षांत काकांनी त्यांना रडताना तीनदाच पाहिलं होतं. काकूंनी डोळे पुसले आणि सवयीनं विचारलं, "धरला का?"

"धरला!" काका म्हणाले.

काकूंचा चेहरा असा उजळला की काकांना आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. "केवढा?"

"लिंबाएवढा."

"खरंच? थांबा, माझा फोन घेऊन जा आणि फोटो काढून आणा."

काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. पण तोंड आधीच उघडलेलं होतं. "फोटो?" ते म्हणाले. "घरात पेंटर असताना फोटो? चाळीस वर्षं काय गवत उपटलं मी? चित्र काढून आणतो. अगदी मापात!"

आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा ब्रशांचा डबा पलंगाखालून निघाला. काकू टक लावून बघत राहिल्या, पण बोलल्या काही नाहीत.

काका गच्चीवर जाऊन बसले. भोपळा मनानं काढता येईल, पण पान, तंतू, देठ बघूनच काढायला हवं. आपल्या कामात त्यांना लबाडी चालत नसे. थाप खोटी असली तरी चित्र खरं पाहिजे. समोर एक फूल मिटून उभं होतं, चांगल्या लांब, सडपातळ, सरळ देठावर. काकांनी तो देठ लवेसकट हुबेहूब उतरवला आणि त्याच्या टोकाला लिंबाएवढा हिरवा भोपळा लावला. छायासुद्धा दिली. चित्र काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी ते जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. मग कितीतरी वेळ त्यांनी ते चेहऱ्यासमोरच धरून ठेवलं. त्यांचे खांदे थोडे हलल्यासारखे वाटले. पाय ठणकत असेल, काकांना वाटलं.

"फार छान," काकू अखेर म्हणाल्या. "कपाटाला चिकटवा. आणि दर तीन दिवसांनी नवं काढत जा. वाढताना बघायचाय मला."

आता कळलं ना, काका कुठे अडकले ते? सहा आठवडे संपले की काकू अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून वर येणार. आणि वर भोपळा पाहिजे. काकांनी जरा आडून विचारलं, "काय गं, हा एक धरला, पण बाकीच्या गाठी गळतात. त्यांना काय कमी पडतं?"

"माश्या," काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मधमाश्या यायला हव्यात. त्या नाही आल्या तर काही खरं नाही."

एवढंच ना? काकांच्या जिवात जीव आला. गिऱ्हाईक येत नाही म्हणजे काय? पाटी नाही! हा तर त्यांच्या धंद्यातला प्रश्न होता.

पत्र्याचा एक तुकडा मिळाला, तीन फूट बाय दोन. काकांनी त्याला काळा रंग मारला, आणि काळ्यावर एक असं लालभडक फूल काढलं की चौकातून दिसावं. चारी कोपऱ्यांतून लाल बाण, चारही खाली वेलाकडे. टर्पेंटाईनचा सढळ हात. पाटी वेलाच्या बरोबर वर तारेनं बांधली, चार पावलं मागं जाऊन पाहिली आणि स्वतःशीच म्हणाले, "आता येत नाहीत कशा ते बघतो."

नाहीच आल्या. काका अकरा ते बारा पाटीखाली बसून राहायचे. मधमाश्या सोडा, घरातली साधी माशीसुद्धा तिकडे फिरकली नाही. खाली कपाटावर मात्र भोपळा झपाट्यानं वाढत होता. लिंबाचा संत्र्याएवढा झाला, संत्र्याचा नारळाएवढा. शेजारणी येऊन बघून जायला लागल्या. काकांची झोप उडाली.

सोळाव्या दिवशी सकाळी सहालाच गच्चीवरची इमारतीची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली आणि पंप बंद करून झडप बघायला काका डोळे चोळत वर गेले. तिथे खालच्या मजल्यावरच्या टाचणीबाई उभ्या होत्या. खांद्यावर ओले कपडे, नजर पाटीवर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.

टाचणीबाई म्हणजे कॉलेजच्या कीटकांच्या विभागात तीस वर्षं नोकरी केलेल्या बाई. काचेच्या पेट्यांमध्ये भुंगे, फुलपाखरं, चतुर टाचणीनं टोचून खाली बारीक अक्षरात नाव लिहायचं, हे त्यांचं काम. इमारतीनं त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. बोलणंही टाचणीचंच.

"पेंटर, ही तुमची कारागिरी?" त्यांनी विचारलं. "कोणासाठी म्हणायची?"

"मधमाश्यांसाठी," काका ताठ्यात म्हणाले.

"अहो, मधमाशीला लाल दिसत नाही! तिच्या लेखी लाल म्हणजे काळा. तुम्ही काळ्या पत्र्यावर काळ्या रंगानं काळं फूल काढलंय. वर काळे बाण!" बाईंनी कपड्यांचा पिळा कठड्यावर ठेवला आणि पुन्हा हसून घेतलं.

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. लाल दिसत नाही? आंधळ्या असतात की काय? बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांची नजर वेलावर गेली, आणि ते बोलायचंच विसरले. वेल पेटल्यासारखा दिसत होता. आठ फुलं, एकेक तळहाताहून मोठं, पूर्ण उघडलेलं, पिवळंधमक. पंधरा दिवस ज्या पिळलेल्या रुमालांना पाणी घातलं ते हे! काकांना एकदम वाईट वाटलं. काकू दहा वर्षं हे रोज बघत होत्या, आणि एकदाही आपल्याला वर येऊन बघावंसं वाटलं नाही.

"ही... ही केव्हा उघडतात?"

"उजाडायच्या सुमाराला. दहाच्या आत शटर खाली. एक दिवसाचं दुकान असतं एकेका फुलाचं. तुम्ही किती वाजता येता?"

"अकरा."

"वा! बंद दुकानावर पाटी!"

काका कठड्यावरच बसले. आणि मग काय झालं कोण जाणे, चार-पाच शब्दांत त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं. थाप, चित्रं, कपाट, नारळाएवढा भोपळा. बाई ऐकताना हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी कपडे वाळत घातले आणि वेलाजवळ आल्या.

"हे बघा. लांब बारीक देठावरचं हे नर फूल. आत पिवळी पूड आहे ना, ते पराग. आणि हे आखूड, जाड देठावरचं, खाली गोटी असलेलं, हे मादी फूल. यातले पराग त्यात गेले पाहिजेत, आणि तेही भरपूर. एकदा येऊन भागत नाही, आठ-दहा फेऱ्या व्हायला हव्यात. पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत. माशीच्या अंगाला लागूनच जातात. नाहीतर तुम्ही न्या. चांगला मऊ ब्रश आहे तुमच्याकडे, याच्यातून त्याच्यात फिरवा. झालं काम."

"मी?" काकांना ते मुळीच पटलं नाही. "चाळीस वर्षं गिऱ्हाईक खेचलं मी, बाई. आता मीच दुकानात शिरून मीच माल घेऊ आणि सांगू की धंदा चालतोय? गिऱ्हाईक आलं पाहिजे."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग गिऱ्हाईक समजून घ्या आधी."

पुढचे कितीतरी दिवस रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर ही शिकवणी चालायची. काका साडेसहाला! काकूंनी विचारलं, तेव्हा "हवा चांगली असते" असं उत्तर मिळालं.

मधमाशीला निळा दिसतो, पिवळा दिसतो, जांभळा तर फारच चांगला दिसतो. आणि जांभळ्याच्या पलीकडे आणखी एक रंग असतो, तो तिला दिसतो, आपल्याला नाही. बाई सांगत होत्या, "कॉलेजात एक खास दिवा होता. सूर्यफुलाच्या पाकळ्या घ्या, आपल्याला अख्ख्या पिवळ्या. त्या दिव्यात बघून फोटो काढला की पाकळ्यांचा आतला भाग काळाभोर आणि टोकं उजळ. म्हणजे बरोबर कुठे उतरायचं ते लिहूनच ठेवलंय."

"म्हणजे असा एक रंग आहे," काका हळूच म्हणाले, "आणि मी तो कधी डब्यातून काढला नाही?"

"डब्यात मिळत नाही तो."

"आणि फुलांनी तो आधीच वापरलाय. पाटी रंगवून ठेवलीय." काकांना थोडा हेवा वाटला, पण त्याहून जास्त मजा वाटली. आपल्या धंद्यातलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं त्यांना.

पण मग एक कोडं राहिलंच. फुलं उघडी, रंग पिवळा, पाटी लिहिलेली, तरी माशी का नाही? बाईंनी त्यांना कठड्याशी नेलं आणि खाली चौकातली बाग दाखवली. गोल वाफा, जांभळ्या फुलांनी गच्च भरलेला. "सगळ्या तिकडे आहेत. शेकडो फुलं एका जागी. एकातून दुसऱ्यात जायला वीतभर उडायचं. ते सोडून आठ फुलांसाठी पाच मजले कोण चढेल? माशी फार हिशोबी असते. किती उडले आणि किती मिळालं, हे बघते. आणि एका फेरीत बहुतेक एकाच जातीचं फूल धरते. चपला घ्यायला निघाली की चपलाच."

"मग मी काय करू?"

"एक दुकान काढू नका, पेंटर. बाजार भरवा."

काकांनी बाजार भरवला. बाईंच्या गॅलरीत कोथिंबिरीच्या पाच कुंड्या फुलावर गेल्या होत्या, त्या वर आणल्या. तळमजल्यावरच्या शिंप्याकडे बडीशेप होती, ती मागून आणली. कुणाची सूर्यफुलं, कुणाची निळी गोकर्णी. सव्वीस कुंड्या, आणि एकेक पोटाशी धरून काकांनी जिना चढवली. कंबर मोडली, पण तोंडावर हसू. मधूनच एखादी शेजारीण विचारायची, "काका, हे काय?" काका म्हणायचे, "बाजार." ती मान हलवून निघून जायची.

टर्पेंटाईनचे डबे बाईंनी खाली हाकलले. "फुलांचा वास लांबून बोलावतो, रंग जवळून. तुमच्या त्या वासात त्यांचा वास कुणाला येणार?" पाटीसुद्धा उतरवली. काकांनी ती जिन्यात नेऊन नव्यानं रंगवली, या वेळी निळ्यावर पिवळं फूल, मध्ये गडद ठिपका. मग चार दिवस उन्हात ठेवून वास घालवला.

"पाटी बघून येतील एखादेवेळी," बाई म्हणाल्या. "पण माल नसेल तर दुसऱ्यांदा यायच्या नाहीत. पक्कं लक्षात ठेवतात."

"म्हणजे अगदी गिऱ्हाईकच," काका म्हणाले.

सत्ताविसाव्या दिवशी कोथिंबिरीवर पहिली मधमाशी आली. काका असे धावत खाली आले की काकूंना वाटलं आग लागली. "आली!" ते म्हणाले.

"कोण?"

"काही नाही. हवा. हवा चांगली आलीय."

दुसऱ्या दिवशी चार आल्या, त्याच वेळेला. घरी गेलेली दुसऱ्यांना पत्ता सांगते म्हणे. मग वीस-पंचवीस झाल्या, आणि एक काळा जाडा भुंगा, जो सूर्यफुलावर असा बसायचा की फूलच वाकायचं. बडीशेपेवर तर कसले कसले बारीक किडे, की ज्यांची नावं फक्त बाईंना ठाऊक. पण सगळी गर्दी कोथिंबिरीवर. भोपळ्याच्या दारात कुणी नाही. एक मादी फूल उघडलं, मिटलं, गोटी पिवळी पडून गळली. मग दुसरं. "धीर धरा," बाई म्हणायच्या. "गर्दी झाली की शेजारच्या दुकानाकडे कुणाची तरी नजर जातेच." बोलायला काय जातंय! खाली कपाटावरचा भोपळा आता एका कागदावर मावेना. काकांनी दोन कागद जोडले. काकू म्हणाल्या, "एवढा मोठा तर माझ्या हातून कधीच झाला नाही हो." काकांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला.

सदतिसाव्या दिवशी एक मादी फूल उघडलं. वेलावर त्याच्यामागे दुसरी गोटी दिसत नव्हती. हे गेलं की संपलं. आणि नेमकं आभाळ भरून आलेलं, वारं सुटलेलं. माश्या अशा दिवशी घरातून निघत नाहीत. काका साडेपाचपासून बसले होते. सात वाजले. आठ वाजले. कोथिंबिरीवरसुद्धा कोणी नाही. साडेआठला फुलाच्या कडा आत वळायला लागल्या.

काकांनी खिशातून ब्रश काढला. दोन नंबरचा, सगळ्यात मऊ. अगदीच वेळ आली तर म्हणून आणला होता. ते जड मनानं उठले, कमरेत वाकले, आणि नर फुलात ब्रश घालणार तोच आतून गुणगुण ऐकू आली. आत माशी होती. पार पिवळी झालेली, पिठात लोळल्यासारखी.

काका होते तसेच थिजले. अर्धे वाकलेले, हात पुढे, ब्रश अधांतरी. माशी बाहेर आली, पाय झाडले, आणि गेली शेजारच्या दुसऱ्या नर फुलात. "अगं तिथे नाही!" काका श्वास न सोडता पुटपुटले. "डावीकडे! बये, डावीकडे!" कमरेतून कळ निघाली, पण हलायची सोय नव्हती. माशी वर उठली, वाऱ्यानं जरा भिरकावली गेली, सावरली, आणि मादी फुलात शिरली.

एक. मग दुसरी आली. दोन. मग तो जाडा भुंगा धप्पकन येऊन पडला आणि आत असा काही धिंगाणा घातला की काकांनी त्याला मनातल्या मनात तीन गुण दिले. एव्हाना बाई कपडे घेऊन वर आल्या होत्या, त्यासुद्धा दारातच खिळल्या. नऊ फेऱ्या झाल्या आणि फूल मिटलं. काकांना सरळ करायला बाईंना हात धरून ओढावं लागलं. काकांचे डोळे भरून आले होते. "वारा फार आहे," ते म्हणाले.

गाठ पिवळी पडली नाही. चौथ्या दिवशी फुगली.

बेचाळिसाव्या दिवशी प्लास्टर निघालं. त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी सहाला काकू काठी घेऊन दारात उभ्या. "चला. नारळाहून मोठा भोपळा बघायचाय."

काका मागून हात धरून चालत होते. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या टप्प्यावर काकू दम घ्यायला थांबल्या आणि काकांना राहवलं नाही.

"अगं," ते म्हणाले. "वर तसला भोपळा नाहीये. मी खोटं बोललो. लिंबाहून थोडा मोठा आहे फक्त. तोसुद्धा आत्ता सहा दिवसांपूर्वी धरला."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या.

"बाईंनी सांगितलं?"

"बाई कशाला सांगतील? पहिल्याच चित्रात कळलं. अहो, लांब बारीक देठ म्हणजे नर फूल. नर फुलाच्या देठाला भोपळा लटकवलात तुम्ही! इतका सुंदर काढलात, एकेक लव दिसत होती, आणि लटकवला कुठे तर तिथे!" इतके दिवस दाबलेलं हसू काकूंना आता आवरेना. जिन्याचा कठडा धरून त्या हसत राहिल्या.

काकांचा चेहरा पहिल्या पाटीवरच्या फुलासारखा लालभडक झाला. "मग बोलली का नाहीस?"

काकूंनी डोळे पुसले. "दोन वर्षांनी डबा बाहेर निघाला होता," त्या म्हणाल्या. "मी बोलले असते तर परत आत गेला असता. मग तुम्ही खुर्चीत आणि मी पलंगावर. मला नको होतं ते."

काकांनी काकूंचा हात पुन्हा धरला. उरलेल्या पायऱ्या दोघं चढली.

वरचं दार उघडलं आणि काकू उंबऱ्यातच थांबल्या. सव्वीस कुंड्या, निळी पाटी, वेलावर अकरा पिवळी फुलं, आणि सगळीकडे नुसती गुणगुण. कोथिंबीर तर माश्यांनी हलत होती. दोन भुंगे एकाच सूर्यफुलासाठी भांडत होते. काकू एकेक पाऊल टाकत वेलाशी गेल्या, आखूड जाड देठावरच्या हिरव्या गाठीवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि मग बराच वेळ एका फुलात बघत उभ्या राहिल्या. आत माशी होती.

"या गच्चीवर माश्या कधी आल्या नव्हत्या हो," त्या म्हणाल्या.

"कधी नाही? मग तुझे भोपळे?"

"कानात घालायची कापसाची काडी घेऊन मीच फिरायची सकाळी. याच्यातून त्याच्यात. दहा वर्षं. तुम्हाला सांगितलं असतं तर हसला असतात, म्हणून म्हटलं, आपोआप धरला तर धरला."

"आणि मला म्हणालीस माश्या लागतात!"

"लागतातच ना. मला आणता आल्या नाहीत. तुम्ही आणल्यात." काकू कुंडीच्या काठावर टेकल्या आणि पाय लांब केला. "आता जा, डबा घेऊन या. हा आहे तेवढाच काढा, लिंबाएवढा. आणि देठ नीट काढा."